गोठाईच्या आंब्यावरच्या घंटा

कापडे गावाच्या वरच्या अंगाला डोंगराची जी सोंड उतरते, तिच्यावर गोठाईचं ठाणं आहे. दसऱ्याच्या दिवशी तिथे अशी गर्दी लोटली होती की चढणीवर पाय टाकायला जागा नव्हती. ठाण्याजवळ एक जुना आंबा. त्याच्या फांदीफांदीला घंटा बांधलेल्या. बैलांच्या गळ्यातल्या, म्हशींच्या गळ्यातल्या, पितळी, लोखंडी, काही तर नुसत्या लाकडी. वारा आला की सगळं झाड किणकिणायचं आणि बायका पदर सावरून हात जोडायच्या. प्रत्येक घंटा म्हणजे गुरांचा गळा धरणाऱ्या घटसर्पाच्या तोंडातून परत आलेलं एकेक जनावर, असं लोक एकमेकांना ओरडून सांगत होते.

आंब्याखाली कुशाबा भगत उभा होता. कपाळभर मळवट, गळ्यात कवड्या, आणि आवाज असा की पलीकडच्या डोंगराने ऐकावा.

"माज्याकडं सुई हाय का?" तो विचारी.

"नाय!" गर्दी म्हणे.

"माज्याकडं बाटली हाय का?"

"नाय!"

"माज्याकडं आईचा अंगारा हाय! डाक्टर ढोराला भोसकतो, आई ढोराला गोंजारते. आता तुमीच बोला, तुमची आय तुमाला भोसकायची का गोंजारायची?"

"गोंजारायची!" म्हणत सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण भोसकणारा तो डॉक्टर मीच. महाडला गुरांच्या दवाखान्यात तेव्हा माझी नेमणूक होती, आणि खांद्याला पिशवी अडकवून पोलादपुरापर्यंतची खोरी पालथी घालणं हे माझं काम होतं. माझी आई तापात कडू काढा नाक दाबून पाजायची, हे मला तिथे सांगावंसं वाटलं. पण त्या गोंगाटात माझं कोण ऐकणार होतं!

कुशाबाचे नेम साधे होते. आजारी जनावर आपल्या पायांनी डोंगर चढून वर आलं पाहिजे. ओढायचं नाही, ढकलायचं नाही. "आईला ज्याला घ्यायचंय त्याला आई वर बोलावते." वर आलेल्याला अंगारा. जगलं तर दसऱ्याला त्याच्या गळ्यातली घंटा आंब्याला. आणि मेलं तर? तर कुशाबा आवाज खाली आणायचा. "मेलं तर समजायचं, घरात काय तरी पाप हाय. गुमान पुरायचं आन् तोंड शिवायचं. कुणाकडं बोललात तर दावणीचं दुसरं जाईल."

त्या दिवशी गर्दीत आणखी एक परका माणूस होता. पुण्याहून आलेले एक साहेब, डोक्यावर टोपी, गळ्यात कॅमेरा. पशुवैद्यकातले मोठे अभ्यासक म्हणून त्यांचा लौकिक होता. त्यांनी आंब्याभोवती फिरून पेन्सिलीच्या टोकाने घंटा मोजल्या, चिमूटभर अंगारा पुडीत बांधून घेतला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "डॉक्टर, विलक्षण आहे हो! या राखेत नक्की एखादी वनस्पती असणार."

मी म्हटलं, "साहेब, या जनावरांना घटसर्पच होता हे कुणी ठरवलं?"

"हे भगत सांगतात ना. पिढीजात अनुभव आहे त्यांचा."

"आणि जी वर चढलीच नाहीत त्यांचं काय झालं?"

"तुम्ही फार शंकेखोर आहात बुवा," साहेब हसून म्हणाले.

"शंकेखोर नाही साहेब. बेरीज करताना वजाबाकी विसरू नये, एवढंच म्हणतो."

साहेबांना ते आवडलं नाही. ते खाली उतरले आणि दोनतीन महिन्यांनी शेतकऱ्यांसाठी निघणाऱ्या एका मासिकात त्यांचा लेख आला. गोठाईच्या अंगाऱ्यातील औषधी गुण! घटसर्पाची इतकी जनावरं बरी झाली, खाली झाडाचं छायाचित्र. अंगारा घेतला किती जनावरांनी, हे त्यात नव्हतं. आजार कुणी ओळखला, परत किती पाठवली, मेली किती, अंगारा न घेता आपोआप बरी झाली किती, यातलं अक्षर नव्हतं. मला राग कशाचा आला सांगू? लेखात एकही शब्द खोटा नव्हता. साहेबांनी जे पाहिलं तेच लिहिलं होतं. आपण काय पाहिलं नाही, हे मात्र लिहायचं ते विसरले.

कुशाबाला वाचता येत नव्हतं, पण त्याला त्या कागदाची किंमत बरोबर कळली. त्याने तो काचेत मढवून ठाण्यावर टांगला.

वैशाखात मी लस घेऊन कापड्याला गेलो. घटसर्पाची लस पावसाच्या आधी टोचली तरच उपयोग. आषाढात रोग आला की मग डॉक्टरने काय, नुसतं बघत उभं राहायचं! पण दारोदार एकच उत्तर. "नको डाक्टरसायेब. आमच्या आईचं आता कागदात आलंय. तुमच्यावरच्या सायबानं लिवलंय." मी घसा फोडून सांगितलं की तो साहेब माझ्यावरचा नाही, आणि असता तरी सूर्य पश्चिमेला उगवला नसता. पालथ्या घड्यावर पाणी.

प्रयागबाईच्या अंगणात मात्र जरा आशा वाटली. प्रयागबाई विधवा, करारी बाई. मुलगा सहदेव मुंबईला गिरणीत, घरात ती आणि सून आवडी. गोठ्यात पवळ्या आणि मोऱ्या अशी बैलांची जोडी. पवळ्याची आई तो वासरू असतानाच गेली होती. आवडी नुकतीच लग्न होऊन आलेली, तिने त्याला वाटीवाटीने पेज पाजून वाढवलं. पुढे बरीच वर्षं तिची कूस उजवली नाही, तेव्हा वाडीतल्या बायका तिला चिडवायच्या, "आवडे, तुजा थोरला गोठ्यात हाय, धाकटा कवा आणतेस?" ती लाजायची आणि पवळ्याच्या वशिंडाला खाजवायची. त्या वैशाखात ती दोनजिवाची होती. तोंडावर तेज आलं होतं.

"आत्या, टोचून घेऊया का? पवळ्याला मी धरते. माज्या हातात तो हलायचा नाय," ती म्हणाली.

"गप गो. आईच्या मनात किंतू आणतेस?" प्रयागबाई फणकारली. "साहेबानं लिवलंय ते काय येड्यानं लिवलंय?"

"प्रयागबाई, लसीला पैसा पडत नाही. टोचा आणि अंगाराही लावा. अंगाऱ्याशी माझं भांडण नाही," मी म्हणालो.

"दोन दरडींवर पाय ठेवला की मानूस मधी पडतो, डाक्टरसायेब," ती म्हणाली आणि आत निघून गेली. आवडीने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मी पिशवी उचलली.

आषाढात सावित्रीला पूर आला, रस्ते तुटले, मी महाडात अडकून पडलो. खोऱ्यात शिरता आलं तेव्हा श्रावण लागला होता. कापड्याला पोहोचतो तर पहिलं आश्चर्य वाटलं ते शेतात. मागे राहिलेल्या खाचरांत चिखळणी चालली होती आणि नांगराला जुंपलेली एकही जोडी जोडीसारखी नव्हती. काळ्या बैलाशेजारी पांढरा, उंच बैलाशेजारी ठेंगणा, एके ठिकाणी तर बैलाला रेडा जोडलेला. बैल बिचारे एकमेकांना ओढत होते आणि माणसं दोघांनाही शिव्या देत होती.

"हे काय, सोनबा?" मी बांधावरून विचारलं. सोनबा म्हणजे प्रयागबाईचा शेजारी, वाडीतला जाणता म्हातारा.

"सावड केलीय, साहेब. त्याचा एक, माजा एक."

"आणि तुमचा दुसरा?"

"इकला. घाटावर." सोनबा नांगराकडे बघत म्हणाला.

पुढच्या खाचरात विचारलं. तिथलाही विकला, घाटावर. त्याच्या पुढचाही. मी काही पोलीस नव्हे, पण ऐन चिखळणीच्या तोंडावर जोडीतला एक बैल विकणारा शेतकरी मी जन्मात पाहिला नव्हता. इथे अख्ख्या वाडीने विकले?

प्रयागबाईच्या गोठ्यात मोऱ्या एकटाच होता. शेजारचा खुंटा रिकामा.

"पवळ्या कुठे?"

"इकला."

"आणि आवडी?"

"म्हायेरी गेलीय." तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. चहा विचारला नाही, बस म्हणाली नाही. मी काय समजायचं ते समजलो नाही, उगाच खोटं कशाला सांगू? मला वाटलं, पहिलटकरीण आहे, बाळंतपणाला गेली असेल.

महाडला परतलो आणि बाजारात हैदरची गाठ पडली. हैदर बैलांचा व्यापारी. घाटावरून जनावरं आणायची, खाली विकायची, हा त्याचा बापापासूनचा धंदा. तोंड एकदा सुटलं की थांबायचं नाही.

"डॉक्टरसाब, औंदा कापड्यावाल्यांना काय झालंय हो? एकेक जण चोरासारखा येतो, कानात बोलतो, हैदरभाई, एक बैल दे. मी बोलतो जोडी घे, स्वस्तात देतो. नाय! एकच पायजे. रंग असा, शिंग अशी, उंची छातीपर्यंत. आता मी काय बैल शिवून देतो काय!"

"हैदर, तिकडचे कुणी तुला विकायला आले?"

"अल्ला कसम, एक शेपूट नाय आलं."

"घाटावर दुसऱ्या कुणाला विकले असतील?"

"घाटावरचे सगळे व्यापारी माझे सोयरे हायत. तिकडून आलेला बैल मला नाय कळणार? आन् साब, जोडीतला एक बैल हरवतो, चोरीला जातो, नाय तर मरतो. चौथी गोष्ट मी तरी पाहिली नाय. आता सगळ्या खोऱ्यातले हरवले काय?"

मी तिथेच एका ओंडक्यावर बसलो. मेले होते. सगळे मेले होते. आणि शेजारच्याचा मेला हे शेजाऱ्याला ठाऊक नव्हतं.

असं कसं झालं, हे बाहेरच्या माणसाला खरं वाटणार नाही. पूर्वी गावात जनावर मेलं की ते ओढून न्यायला बौद्धवाडीतल्या माणसांना बोलवत. त्या माणसांवर ते काम लादलेलंच होतं. चवदार तळ्याच्या लढ्याच्या मुलखात ती गुलामी टिकणार नव्हती. त्यांनी ते काम टाकलं, आणि उत्तम केलं. पण तेव्हापासून मेलेलं जनावर ज्याने त्याने पुरायचं झालं, आणि आपल्या हातांनी ते करायची गाववाल्यांना लाज. म्हणून सांजावल्यावर, आपापल्या बांधाला, कुणी बघत नाही असं पाहून. त्या लाजेवर कुशाबाने पापाची भीती ठेवली आणि वर तोंड शिवायचा नेम. जिवंत जनावरांच्या घंटा डोंगरावर वाजत होत्या. मेलेली जनावरं बांधाखाली गप्प होती.

पितृपक्षात मी पुन्हा प्रयागबाईच्या दारात उभा राहिलो. हैदर काय म्हणाला ते सगळं सांगितलं. सोनबाचा मेला, पलीकडच्यांचा मेला, म्हटलं प्रयागबाई, वाडीत एकही घर सुटलं नसेल.

ती जात्यापाशी बसली होती. हातातला खुंटा सुटला.

"सोनबाभावजींचा पण? कवा?"

"आषाढ लागताच. हैदरकडे बैल मागायला तो सगळ्यांच्या आधी आला होता."

"आदी?" तिने विचारलं. मग पुन्हा, अगदी हळू, "माज्या पवळ्याच्या आदी?"

आणि मग ती बोलू लागली. आषाढात एका सकाळी पवळ्याने वैरण टाकली. दुपारपर्यंत गळा सुजला, तोंडातून लाळ, श्वास घरघर. दुसऱ्या सकाळी तिने त्याला डोंगराकडे नेलं. तो पायथ्याला गेला आणि तिथेच बसला, उठेना. कुशाबा वरून खाली आला. बैलाच्या गळ्याला हात लावला, जबडा बघितला आणि दोन पावलं मागे सरला.

"याला आई घेत नाय," तो म्हणाला. "याच्या अंगावर हात हाय कुणाचा तरी. घरात दोनजिवाची बाई हाय का?"

"सून हाय."

"तिनं याला पाणी पाजलं?"

पाजलं होतं. रात्रभर पवळ्या हंबरत होता, आवडी उशाशी तांब्या घेऊन बसली होती.

"मंग झालं तर! दोनजिवाच्या बाईनं आजारी जनावराला पाणी पाजलं की पोटातलं पोर त्याचा जीव ओढून घेतं. तुज्या नातवानं बैल खाल्ला, प्रयागे. आजून एक हाय ना दावणीला? तो पण खाईल."

पवळ्या तिथेच, पायथ्याला मेला. आणि प्रयागबाईने मोऱ्याला वाचवण्यासाठी सुनेला माहेरी धाडलं. शिवथरला. भर आषाढात. रस्ते अजून तुटले नव्हते म्हणून बिरवाडीपर्यंत मोटार, पुढे पायवाट, ओढे फुगलेले. मुंबईहून सहदेवाचं कार्ड आलं, त्यात 'आई म्हणेल तसं' याच्या पुढे एक शब्द नव्हता.

"वाटंतच तिला दुखाय लागलं," प्रयागबाई म्हणाली. "पोर गेलं. मुलगा व्हता. निरोप आला तवा मी काय म्हंटलं ठाव हाय डाक्टरसायेब? मी म्हंटलं, बरं झालं. बैलाचा बदला झाला. असं म्हंटलं मी. या तोंडानं."

तिने आपल्याच तोंडावर हात मारून घेतला. मी बाप्या माणूस, काय करणार? खाली बघत बसलो. माझ्याही डोळ्यांतून पाणी आलं, ते मी पुसलं नाही.

दसरा आला. तोच डोंगर, तीच गर्दी, तोच कुशाबा. या वर्षीही घंटा आल्या होत्या, थोड्या, पण आल्या होत्या. काचेतला कागद फुलांच्या माळेत. "माज्याकडं सुई हाय का?" सुरू झालं होतं. प्रयागबाई गर्दीतून पुढे गेली. ओच्यातून पवळ्याची पितळी घंटा काढली आणि सगळ्यात खालच्या फांदीला बांधू लागली.

"अगो प्रयागे," कुणी तरी बाई म्हणाली, "तू तर बैल इकलास ना?"

"नाय इकला. मेला. पायथ्याला मेला, अंधारात बांधाला पुरला."

कुशाबाचा आवाज चिरकला. "तोंड शिवायला सांगितलं व्हतं तुला! बोललीस! आता दावणीचा दुसरा जाईल!"

"जाऊ दे," प्रयागबाई म्हणाली. "माजं नातवंड गेलं, सून तुटली. आता तुजी आई माजं काय नेल ते नेऊ दे."

मग सोनबा काठी टेकत पुढे आला. त्याला बोलताना दम लागत होता.

"वयनी, माजा पण मेला. हरण्या. तुज्या पवळ्याच्या आदीच. मी घाबरून बोललो नाय गो." आणि तो म्हातारा पोरासारखा रडू लागला. "मला वाटलं माजाच मेला. माज्याच घरात पाप हाय म्हंटलं."

"आमची म्हस पण," वाडीतली ठकूबाई म्हणाली. तिने तीन महिने घराबाहेर कुणाला कळू दिलं नव्हतं म्हणे, मेलेली म्हैस आटली म्हणून सांगत होती. मग कळलं, कुणी एकीने जावेला दोष दिला होता, कुणी धाकट्या भावाशी चूल वेगळी केली होती. माणसं डोंगर उतरली आणि परत चढून आली ती हातात घंटा घेऊन. कुणी भाताच्या कणगीत लपवली होती, कुणी आढ्याला. संध्याकाळ होईपर्यंत बांधत होते. खालच्या फांद्या भरल्या तेव्हा गडग्याच्या झुडपांना बांधल्या. मोजायची गरजच पडली नाही. जगलेल्यांपेक्षा मेलेल्यांच्या जास्त होत्या, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

मग मी बोललो. आयुष्यात पहिल्यांदा त्या डोंगरावर लोकांनी माझं ऐकलं.

"ज्यांची जनावरं जगली त्यांनी सांगा, गळा सुजला होता?"

"नाय," एकजण म्हणाला. "जरा सुस्त व्हता."

"माज्या म्हशीचा खूर सुजला व्हता."

"आमचा चरत नव्हता दोन दिस, बाकी काय नाय."

"बघा तर. घटसर्प झालेल्या बैलाचा गळा आतून सुजतो. त्याला श्वास घेता येत नाही, तो हा चढ कसा चढेल? जो चढून येतो तो मुळात बरा होणाराच असतो. त्याला अंगारा लावा, नाही तर चुलीतली राख लावा. जो मरणार तो पायथ्याला बसतो. म्हणजे निवड कुणी केली? आईने नाही, या चढाने केली. आणि एखादा लाळ गाळत निम्म्यापर्यंत आलाच तर हा कुशाबा खाली येऊन जबडा बघतो आणि म्हणतो, आई घेत नाय. का रे कुशाबा, प्रत्येक जनावराचा गळा का चाचपतोस? देवीला गळ्याशी काय करायचंय? तुला घटसर्प माझ्याइतकाच ओळखता येतो, म्हणून ना?"

कुशाबा म्हणाला, "मी काय केलं? मी कुणाला मारलं काय? मेले त्यांनी नेम मोडला असंल."

"सगळ्यांनी?" सोनबाने विचारलं.

कुशाबा ठाण्यामागच्या वाटेने खाली उतरला. कुणी त्याच्यामागे धावलं नाही, कुणी दगड मारला नाही.

दिवाळीच्या आधी मी आणि प्रयागबाई शिवथरला गेलो. आवडीची आई, बनुबाई, दारात आली. "या" म्हणाली, पण आवाजात माया नव्हती. आवडी ओटीवर सूप घेऊन बसलेली. वाळून काटकी झाली होती. मागे गोठ्यात गाय हंबरत होती, धारेची वेळ झाली होती.

"जात नाय ती गोठ्यात," बनुबाई म्हणाली. "जनावराला हात म्हणून लावीत नाय. बोलते, माजा हात वाईट हाय."

मी आवडीसमोर बसलो. तिला सगळं सांगितलं, जसं डोंगरावर सांगितलं तसंच. "रोग त्याला आधीच लागला होता, पोरी. तुझ्या पाण्याने तो मेला नाही. घटसर्पात जनावराला तहान लागते आणि घोट उतरत नाही. तू रात्रभर पाजत बसलीस म्हणून त्याला चार घोट तरी मिळाले. बाकीचे तहानलेलेच गेले."

"प्याला व्हता तो," ती हळू म्हणाली. "माज्या पदराला नाक पुसलान." मग तिने सूप खाली ठेवलं. "मी म्हंटलं, मी बैल घेतला, मंग देवीनं माजं पोर घेतलं. फिटंफाट झाली. मी रडले पण नाय, डाक्टरसायेब. बैल घेतलेल्या बाईनं पोरासाठी रडायचं कसं?"

प्रयागबाईने तिचे पाय धरले. आवडीने ते ओढून घेतले नाहीत आणि सासूला उठवलंही नाही.

"सोनबाकाकांचा आदी मेला व्हता?" तिने मला विचारलं.

"हो."

"आन् ठकूकाकीची म्हस?"

"तीही आधीच."

"मंग ते बोलले का नायत? एक जण बोलला असता तर माजं पोर..." आणि मग ती रडली. आषाढापासून साठलेलं ते रडणं होतं. बनुबाई तिला पोटाशी धरून बसली. आम्हा दोघांना त्या घरात तोंड दाखवायला जागा उरली नाही.

आम्ही उठलो. अंगणातून वळून पाहिलं तेव्हा आवडी गोठ्याच्या दारापर्यंत गेली होती. गाईने मान लांबवली. आवडीने हात पुढे केला, थांबली, आणि मग तिच्या गळ्यावर ठेवला. पण आमच्याबरोबर ती आली नाही. नंतरही कधी आली नाही. सहदेव दोनदा आणायला गेला, ती म्हणाली, "त्या गोठ्यासमोरून मला चालवत नाय."

पुढे पुण्याला त्या साहेबांची गाठ पडली. मी सगळं सांगितलं. ते बिचारे गोरेमोरे झाले. म्हणाले, "मी पाहिलं तेच लिहिलं हो." मी म्हणालो, "साहेब, इथून पुढे एक करा. जनावरं निवडली कुणी, आजार ओळखला कुणी, आली किती, परत गेली किती, मेली किती, आणि ज्यांच्याबद्दल ठाऊकच नाही ती किती, हे आधी लिहा. मग बरी झालेली लिहा. ठाऊक नाही असं लिहायला लाजू नका. तुमच्या एका कोऱ्या जागेत माझ्या खोऱ्यातली एक बाई बुडाली."

वाचणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे. कुणी भगव्यातला असो की कोटातला, बरे झालेले दाखवू लागला की हात जोडू नका. न बरे झालेले कुठे आहेत, ते विचारा. आणि तुमच्याकडे वाईट झालं असेल तर ते बोला. आपण गप्प बसतो, तेवढ्यावर चमत्कार जगतो.

पुढच्या वैशाखात लस घेऊन कापड्याला गेलो. या खेपेला जनावरांची रांग चावडीपासून ओढ्यापर्यंत. सगळ्यात पुढे मोऱ्याला घेऊन प्रयागबाई उभी. तिने त्याची शिंगं धरली, मी सुई टोचली. टोचून झालं तरी ती घरी गेली नाही. जवळच्या दगडावर बसून राहिली. दुसऱ्या वाडीवरचा, तिला न ओळखणारा कुणी जनावर घेऊन आला की उठून त्याच्यापाशी जायची आणि सांगायची.

"माजा पवळ्या घटसर्पानं मेला, बाबा. माज्या सुनेनं नाय मारला. तुमचं मेलं तर तुमी पण बोला."